बारापर्यंत

दिवाळ्याच्या जेट्टीवर पांढरी रेघ मारलेली आहे,
उधाणाला पाणी कुठवर चढतं त्याची.
आपला उंबरठा त्या रेघेच्या हातभर वर.
एवढ्याच उंचीची सवय आपल्या माणसांना.

तरी तू तीन महिने खारघरची टेकडी चढलास,
पाठीवर पाण्याचा कॅन बांधून,
पामबीच रोडला धावलास घाम गळेस्तोवर.
बेलापूरच्या डॉक्टरने छातीला नळी लावली
आणि म्हणाला, घोडा आहेस, जा.
ते तू अख्ख्या आळीत सांगितलंस.
सुटलेला नांगर बुडी मारून आणणारा तू,
वर यायचास तोही हसत.

लेहला विमानातून उतरलो.
आभाळ घासलेल्या परातीसारखं.
तू दोन बॅगा उचलल्यास, चार पायऱ्या चढलास
आणि भिंतीला हात लावून उभा राहिलास.
काय. नाय. गो.
प्रत्येक शब्दानंतर थांबत होतास.

हिरामणभाऊजी, वय एकसष्ट,
खिशात विडीचं बंडल, गुडघे कामातून गेलेले,
दुपारी वाडगाभर थुक्पा पिऊन घोरत पडले.
माणसाच्या घोरण्याचा हेवा वाटतो
हे तुझ्या तोंडावर मी पहिल्यांदा वाचलं.

घरमालकीण यांगडोल. तिने तुझ्या बोटाला चिमटा लावला.
अठ्ठ्याहत्तर.
धडधाकट माणसांना जास्त त्रास, म्हणाली,
त्यांना घाई असते.
आज नुसतं बसायचं. जिना नको.
नुसतं बसणं तुला कुणी शिकवलंच नव्हतं, लीलाधर.
गच्चीत घोंगडी पांघरून बसलास,
समोर बर्फ, आणि तू बोललास चिखलाबद्दल:
ओहोटीला निवट्या कशा बाहेर येतात,
पाण्याशिवायही जगतात,
अंग ओलं असेस्तोवर.
आपण निवट्या गो, म्हणालास. आपला चिखल लांब राहिला.

रात्री तुझा श्वास भलत्याच चालीने चालू लागला.
आधी बारीक, मग मोठा, मग त्याहून मोठा,
मग उतरत उतरत
भांगाच्या पाण्यासारखा मंद
आणि नाहीच.
मी मोजायला लागले.
सात. आठ.
बाहेर कुत्रं भुंकायचं थांबलं.
अकरा.
बाराला तू वर आलास,
तळातून कुणी ढकलल्यासारखा, तोंड उघडून,
आणि झोपेतच राहिलास.

मी यांगडोलला उठवलं. ती दारात उभी राहून ऐकत होती,
दूध उतू जातंय का ते ऐकावं तशी.
झोपेत होतं असं इथे, म्हणाली,
शरीर विसरतं, मग त्याला आठवतं.
आडवं पडवेना झालं, बरळायला लागला,
बसल्या जागी धाप लागली, तर लगेच हाक मार,
रात्रीचं काही बघायचं नाही, खाली न्यायचं.
ती गेली. मी पहाटेपर्यंत मोजलं.
बारा. दहा. एकदा पंधरा.

हाक मारावी लागली नाही.
तिसऱ्या दिवशी आकडा चढला,
फोटोत तू हसतोयस,
मागच्या डोंगरावर मात्र गेलो नाही.
आळीत तू सांगितलंस, रस्ता बंद होता.
मी मान डोलावली.

आता चार महिने झाले. घर.
चिखलाचा वास, वलांडीवरच्या बोंबलांचा वास,
हवा इतकी दाट की पंखा तिला नुसती ढवळतो.
तू पडल्या पडल्या झोपतोस
आणि मी तुझ्या दोन श्वासांमधल्या फटीला कान लावते.
तिथे आता काही नसतं.
दोनसुद्धा म्हणून होत नाही.
परवा कळलं,
मोजताना मीच श्वास धरून असते.

सकाळी विचारलंस, झोप नाय झाली?
म्हटलं, भरती कधी लागते ते बघत होते.
अगदीच खोटं नव्हतं.
तू जाळं खांद्यावर टाकलंस,
दोन दोन पायऱ्या घेत खाली गेलास,
शेवटच्या पायरीशी भिंतीला हात लावलास.
लावलास ना?
की मलाच तसं दिसलं.